पांगाऱ्याच्या खुंट्या

बुधीला लाकूड नुसतं बघून कळतं. कुठलं धडधडून जळेल, कुठलं धुरानं डोळे फोडेल, कुठलं वरून वाळकं दिसतंय पण पोटात अजून ओलं आहे, हे ती हात न लावता सांगते. पनवेलच्या बाजारात मोळी घेऊन बसायची तेव्हा तिच्या मोळीला कोणी नावं ठेवल्याचं ऐकिवात नाही. आता घरोघर गॅस आला, मोळी घेतंय कोण? म्हणून हल्ली ती खेकडे आणि रानभाजी विकते. पण सवय जाते कुठं! भर रस्त्यात वाळकी काटकी दिसली की बाई वाकणार, उचलणार आणि मगच पुढचं पाऊल टाकणार. तिचा नवरा काळू म्हणतो, "हिला सरगात नेली तरी ही पयल्यांदा तितल्या काटक्या येचील."

तर अशा बाईच्या हातून जे झालं ते झालं. ऐकणाऱ्यानं लगेच कपाळाला हात लावू नये.

सावरवाडी म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी बावीस कातकरी घरं. जमिनीचा तुकडा एकाच्याही नावावर नाही. वाडीपुढं नदी आणि नदीपलीकडं कोन गावाला जाणारा डांबरी रस्ता, इतका जवळ की रिक्षावाल्याला हाक मारली तर तो मान वळवून बघतो. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी असतं, दगडादगडावरून उतरून जाता येतं. पावसाळ्यात मात्र ती नदी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. मग वाडी आपली अलीकडच्या माळावरून जायची, तासाभराचा वळसा घालून, यूनुसभाईंच्या आंब्यांखालून थेट हमरस्त्याला. ही वाट कोणत्याच कागदावर नव्हती, पण वाडीतली म्हातारी माणसंही ती डोळे मिटून चालायची.

यूनुसभाई पंधरा वर्षं कुवेतला क्रेन चालवून परत आलेले. घर नदीपलीकडं, रस्त्याला लागून. माणूस बोलका, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा आणि वाचलेलं कोणाला तरी सांगितल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नाही असा. बुधी त्यांच्याकडं आंबे उतरवायला जायची, तेव्हा त्यांची बायको सुरैय्या तिला म्हणायची, "बुधीबाय, तू ऐकून घे गं थोडं, माझे कान किटले."

तीन वर्षांपूर्वी, थंडीत, यूनुसभाई एक सरकारी कागद घेऊन नदी उतरून वाडीत आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात.

"ऐका सगळे. सरकारची मंजुरी आली. माळ लष्कर विकत घेणार. माझी जमीन, शेजारची जमीन, सगळा माळ. थेट खरेदी, जोरजबरदस्ती काही नाही. मी तर सही करणार, बाबांनो. माझा अदीब नाशिकला नोकरीला, तो काही इथं आंब्याला पाणी घालायला येत नाही."

"आन आमची वाट?" बुधीनं विचारलं.

"तेच सांगतोय ना! कुंपण पडलं की वाट बंद. पण त्याच कागदात पुढं लिहिलंय, वाडीसाठी नदीवर पूल. सार्वजनिक पूल! मंजूर! एकाच कागदात दोन्ही." त्यांनी त्या ओळीवर बोट आपटलं.

वाडीत त्या दिवशी लोक नुसते हसत होते. काळूनं तर नदीच्या काठावर उभं राहून, पूल कुठून कुठं जाईल ते हातवारे करून दाखवलं आणि तिसऱ्या वेळी दाखवताना पाण्यात पडला.

पुढं माघात मोजणीची माणसं आली. बुधी त्या दिवशी बाजारात होती, तिनं काही बघितलं नाही. संध्याकाळी काळू म्हणाला, "सायेब लोक जागा बगून गेलं. कापड बांधून सावलीत बसली व्हती, जेवली आन गेली." एवढंच.

आणि मग शिमगा आला. बुधीचा मुलगा रूपेश आणि सून दिपा कोनजवळच्या वीटभट्टीवर असतात. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते, वाडीतली तरणी माणसं भरून नेते, ती वैशाखात परत आणते. मध्ये शिमग्याला चार दिवस सुट्टी. पोरं घरी येणार म्हणून बुधीनं पहाटेच नदीत हात घालून खेकडे धरले. आता चुलीला चांगलं लाकूड पाहिजे. ती काठाकाठानं निघाली आणि बघते तर काय! जमिनीत ठोकलेल्या खुंट्या. सागाच्या. सुक्या ठणठणीत, टोक काढलेल्या, डोक्याला लाल रंग. एका ओळीत बारा अलीकडं, बारा पलीकडं.

बुधीला वाटलं, माघात ज्यांनी कापड बांधलं होतं त्यांच्या मांडवाच्या या खुंट्या. लग्नाचा मांडव काढून नेतात तेव्हा मंडपवाले अर्ध्या खुंट्या मागेच सोडतात, आणि बुधीनं जन्मभर त्या गोळा केल्या आहेत. सोडून दिलेलं लाकूड, त्याला मालक कसला! तिनं अलीकडच्या बारा उपटल्या, पाण्यातून पलीकडं जाऊन त्या बाराही उपटल्या आणि मोळी बांधून गुणगुणत घरी आली.

काय जाळ धरला त्या लाकडानं! धूर म्हणून नाही. खेकड्यांचा रस्सा रटरटला, भात मोकळा झाला, आणि सगळे चुलीपुढं बसून जेवले. रूपेश जेवता जेवता म्हणाला, "आये, एक सांगतो. राग धरू नको. पुलाचं काम यंदा दिवाळीनंतर चालू झालं तर ठीक. नायतर आमी कोनलाच खोली घेणार. कायमची. माळाची वाट बंद झाल्यावर हितं काय ऱ्हायाचं? कोण आजारी पडलं तर नदीत घालून न्यायाचं का?"

दिपानं खाली बघितलं. म्हणजे नवरा-बायकोचं आधीच ठरलं होतं.

"व्हईल रे पूल," बुधी म्हणाली, आणि चुलीत अजून एक खुंटी सारली.

चैत्रात यूनुसभाई पुन्हा नदी उतरून आले. या वेळी चेहरा पार उतरलेला. हातात दुसरा कागद.

"या अल्ला, काय केलंत तुम्ही लोकांनी? पुलाच्या लाल रंगाच्या खुंट्या उपटल्यात?"

आता, या भागात खुंटी उपटणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. सरकारनं जमीन घ्यायला मोजणी केली आणि गावाला ती नको असली की गाव पहिलं काम हेच करतं, मोजणीच्या खुंट्या उपटतं. लहान पोरालाही त्याचा अर्थ कळतो. कचेरीतल्या माणसानं येऊन बघितलं, एकही खुंटी जागेवर नाही. झालं! त्यानं लिहून टाकलं, सावरवाडीच्या स्थानिकांचा पुलाला तीव्र विरोध आहे, सबब काम थांबवावं आणि पुलाचा निधी दुसऱ्या गावाला द्यावा. म्हणणं असेल तर अमुक तारखेला पनवेलला कचेरीत येऊन मांडावं.

"आमी कशाला उपटू?" काळू भडकला. "पूल आमालाच नको व्हय? कोण हलकट..."

बुधी मटकन खाली बसली. यूनुसभाईंनी लाल रंगाचं नाव काढलं तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं. ज्या पुलावर पोराचं घर अडलंय तो पूल तिनं आपल्या हातानं चुलीत घातला होता आणि वर त्याच जाळावर पोराला जेवायला वाढलं होतं. लाज अशी वाटली की कोणाच्या तोंडाकडं बघवेना.

"मी उपटल्या," ती म्हणाली. "मला मांडवाच्या वाटल्या."

मग काळूनं डोकं लढवलं. कचेरीत सांगायचं, गुरांनी पाडल्या. गुरांना काय कोणी तुरुंगात घालतंय? कातकऱ्यानं सरकारी वस्तूला हात लावल्याचं कबूल करायचं म्हणजे काय, हे बुधीच्या आजोबांपासून सगळ्यांना माहीत होतं. कुठंही चोरी झाली की पहिली वर्दी वाडीवर, ही जुनी रीत. सगळ्यांनी मान डोलावली. गुरं तर गुरं.

तारखेला वाडीतली दहा माणसं पनवेलला गेली. यूनुसभाई इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर. कचेरीत पंखा फिरत होता, साहेब फाईल चाळत होते, आणि बाजूला पुलाचा इंजिनीयर प्रितेश बसला होता. तरुण, मुंबईकडचा, सारखा मोबाईल उलटा-सुलटा करणारा.

"सावरवाडी," साहेब म्हणाले. "चोवीस खुंट्या उपटल्या. बरोबर?"

"ढोरांनी, सायेब," काळू म्हणाला.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "ढोरं खुंटी पाडतात. सोबत घेऊन जात नाहीत. चोवीसमधली एक तरी तिथं पडलेली सापडायला हवी होती." मग ते यूनुसभाईंकडं वळले. "अहवालात असं आहे की माळाच्या एका जुन्या मालकानं वाडीला चिथावलं. खरेदीत भाव वाढवून मिळावा म्हणून. नाव तुमचं आहे."

यूनुसभाईंच्या तोंडाला कधी नव्हे ते कुलूप लागलं. "तौबा... साहेब, मी तर..." कुवेतची पंधरा वर्षं इमानानं काढलेला माणूस, त्याचे डोळे भरून आले.

ते बघितलं आणि बुधीला राहवलं नाही. ती उभी राहिली. काळूनं पदर ओढला, तिनं तो सोडवून घेतला.

"सायेब, भायांनी काय बी केलेलं नाय. ढोरांनी बी नाय. खुंट्या मी उपटल्या."

"तुम्हाला कोणी सांगितलं उपटायला?"

"चुलीनं."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत. "पुलाला विरोध का आहे तुमचा?"

"कसला इरोध!" बुधीचा आवाज चढला. "आमाला पूल पायजे, सायेब! मला वाटलं, मांडवाच्या खुंट्या सोडून गेलेत. शिमग्याला पोर घरी आला व्हता, त्याला खेकडं करून घातलं त्या लाकडावर. त्याच चुलीपुढं बसून त्यानं सांगितलं, पूल नाय झाला तर मी परत येत नाय. आन मी त्याला म्हनते व्हईल पूल, आन चुलीत खुंटी घालते. माज्या जिवाला काय वाटत असंल, तुमी सांगा. जेल करायची तर मला करा. पन पूल दुसरीकडं नेऊ नका."

एवढं बोलून ती रडायलाच लागली, अगदी मोठ्यानं, कचेरीत आहोत हे विसरून. प्रितेशनं मोबाईल खिशात ठेवला.

साहेबांनी फाईल पुढं ओढली. मग पेन उघडलं. "लिहून घ्या. विरोध नाही. गैरसमजातून प्रकार घडला. यूनुस यांच्याबद्दलचा शेरा काढून टाका. खुंट्या पुन्हा मारा." मग बुधीकडं वळून म्हणाले, "पण बाई, एक ऐका. पावसाळ्यात काम होणार नाही. दिवाळीनंतर ठेकेदार येईल त्या दिवशी चोवीसच्या चोवीस खुंट्या जागेवर दिसल्या पाहिजेत. एक जरी कमी झाली, तर मी वर काय तोंड दाखवू? मग ही फाईल मी परत उघडणार नाही."

वैशाखात प्रितेश आपलं मोजायचं यंत्र आणि सागाच्या नव्या खुंट्यांची पिशवी घेऊन आला. बुधी त्याच्या आधीच काठावर हजर. तिनं जिथून जिथून खुंटी उपटली होती तिथं एकेक दगड ठेवला होता. प्रितेशनं यंत्र लावून बघितलं आणि परत बघितलं. "मावशी, हे कसं काय? वीतभराचाही फरक नाही."

"उपटाया वाकले व्हते ना चोवीस येळा. कंबर नाय इसरत," बुधी म्हणाली. मग पिशवीत डोकावून तिनं नाक मुरडलं. "सागाच्या नको मारू, बाबा."

"का?"

"ऱ्हायच्या नाय. मी नाय नेल्या तर दुसरी नेल. ऐन पावसात वाळकं लाकूड दिसल्यावर कोन सोडतं? पांगाऱ्याच्या मार. पांगाऱ्याला चुलीत कोनी घेत नाय. नुसता धूर आन डोळ्याला पानी."

प्रितेशला सागात आणि पांगाऱ्यात फरक काय ते कळत नव्हतं, पण पटलं. यूनुसभाईंच्या माळावरचं कुंपण पांगाऱ्याचंच होतं, त्यांच्या वडिलांनी लावलेलं. ताबा द्यायला अजून आठवडा होता. "माळ तर चालला," ते म्हणाले, "कुंपण तरी सत्कारणी लागू दे." त्यांनी स्वतः कोयता घेऊन मनगटाएवढ्या फांद्या तोडून दिल्या. प्रितेशनं डोक्यांना लाल रंग फासला, खाली सालीवर आकडे घातले, आणि चोवीस खुंट्या ठोकून गेला. पांगारा लावला की पुढं काय होतं, हे त्याला कोणी सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, एवढं तर त्याला माहीत असणारच.

पाऊस लागला आणि नदी भरली. पलीकडच्या बारा खुंट्यांचं काय, या काळजीनं बुधीला अन्न गोड लागेना. मग यूनुसभाईंनीच तोड काढली. रोज सकाळी चहा झाला की ते छत्री घेऊन त्यांच्या काठावर यायचे, खुंट्या मोजायचे आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायचे, "बाराऽऽ!" अलीकडून बुधी ओरडायची, "बाराऽऽ!" चार महिने हे चाललं. सुरैय्या म्हणायची, नमाज चुकेल पण यांचे बारा चुकायचे नाहीत.

माळावर तोवर लष्कराची माणसं आली होती. कुंपणाचे लोखंडी खांब उभे राहत होते. त्यांच्या मेजरसाहेबांनी एक फाटक ठेवलं होतं, पण तेही सांगून टाकलं होतं, दिवाळीनंतर बंद.

दिवाळी झाली. मुकादमाचा निरोप आला, परवा गाडी पलीकडं रस्त्यावर लागेल. रूपेशनं बोचकी बांधली. दिपानं या खेपेला पाटा-वरवंटाही बांधायला काढला, तेव्हा बुधीनं तिकडं पाठ केली. सहा महिन्यांसाठी कोणी पाटा-वरवंटा नेत नाही.

गाडी यायच्या दिवशी सकाळी पलीकडच्या काठावर जीप थांबली. प्रितेश उतरला, बरोबर ठेकेदार. बुधी अलीकडून बघत होती. प्रितेश काठावर आला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, कागद काढला, आणि जागच्या जागी थांबला. मग त्यानं डोक्याला हात लावला.

"एकही नाही!" तो ठेकेदाराला म्हणाला. "परत उपटल्या. आता मी साहेबांना काय सांगू?"

बुधीला नदीच्या आवाजात ते नीट ऐकू आलं नाही, पण डोक्याला लावलेला हात दिसला. ती लुगडं सावरत तशीच पाण्यात उतरली. मागून रूपेश धावला, "आये, हळू!"

"काय झालं रे?" पलीकडं पोचून तिनं धापा टाकत विचारलं.

"मावशी, खुंट्या कुठे आहेत?"

"हा काय, समोर!"

प्रितेशनं समोर बघितलं. समोर छातीएवढ्या उंचीची हिरवीगार झाडं होती, रुंद पानांची, एका ओळीत. बुधी पुढं झाली आणि पहिल्या झाडाची पानं तिनं दोन्ही हातांनी बाजूला केली. मध्ये लाल डोकं. खाली सालीवर आकडा, एक.

"लावला की फुटतो पांगारा," ती म्हणाली. "तुला ठावं नाय? कुठं शिकला रे तू?"

प्रितेश आधी नुसता बघत राहिला आणि मग असा हसला, असा हसला की खालीच बसला. ठेकेदारही हसायला लागला. मग प्रितेशनं उठून एकेकाची पानं बाजूला करत मोजलं. पलीकडच्या बारा. नदी उतरून अलीकडच्या बारा. फोटो काढून साहेबांना पाठवला. थोड्या वेळानं उत्तर आलं, ते त्यानं मोठ्यानं वाचलं, "झाडांबद्दल नियम नाही. काम सुरू करा."

तेवढ्यात पलीकडं मुकादमाची गाडी लागली. हॉर्न वाजला, एकदा, दोनदा. रूपेश तसाच उभा होता, गुडघ्यापर्यंत ओला. त्यानं ठेकेदाराला विचारलं, "माणसं लागणार ना तुमाला?"

"लागणार तर!"

रूपेशनं गाडीकडं बघून नको म्हणून हात हलवला. तिकडं दारात दिपा बोचकं सोडत होती. पाटा-वरवंटा तिनं पहिल्यांदा बाहेर काढला आणि जिथून उचलला होता तिथंच नेऊन ठेवला. बुधीला तेव्हा कळलं की आता रडलं तरी चालेल.

पूल व्हायला दीड वर्ष लागलं. तेवढे दिवस मेजरसाहेबांनी फाटक उघडं ठेवलं. रूपेशनं तिथं सळया बांधल्या, दिपानं खडी वाहिली. रस्त्यात येणारे पांगारे काढावे लागले. पण चार, काठाच्या बाजूचे, प्रितेशनं राखले. ठेकेदार कुरकुरला तेव्हा म्हणाला, या सरकारी खुंट्या आहेत, हात लावायचा नाही.

यंदा शिमग्याच्या आधी बुधी आणि दिपा डोक्यावर पाट्या घेऊन पुलावरून निघाल्या. चारही पांगारे लाल फुलांनी भरले होते. खाली एक वाळकी काटकी पडली होती. बुधी सवयीनं वाकली, उचलली, बघितली आणि टाकून दिली. पांगाऱ्याची होती ती, काय उपयोग! पुलाच्या टोकाला यूनुसभाई दिसले, मोटारसायकलवर, आणि त्यांना बघून बुधीच ओरडली, "चाऽऽर!" त्यांनी हात वर केला.

पुढं रस्त्यावर मुकादम भेटला. गाडी थांबवून त्यानं काच खाली केली. "काय बुधीबाय, पोरांना शिमग्यानंतर तरी कोनला पाठवणार का नाय?"

"पाठवतेय की," बुधी म्हणाली आणि डोक्यावरची पाटी नीट केली. "ही काय, चालली कोनच्या बाजाराला. सांजेला परत."